बँड दिसतो, ऐकू येत नाही

लगीनसराईत खान्देशात काढलेली कोणतीही लग्नाची फिल्म उघडून पाहा. ड्रोनवरून अख्खी वरात दिसते. क्लॅरोनेटवाल्याचे फुगलेले गाल दिसतात, ढोलावर पडणारा टोला संथ गतीत दिसतो, बँडमास्तरचा हात वर गेलेला दिसतो. आवाज मात्र भलत्याच सिनेमातल्या गाण्याचा असतो. तीन तास उन्हात चालत वाजवलेल्या बँडचा एक स्वरही त्या फिल्ममध्ये उरलेला नसतो. एडिटिंगच्या टेबलावर सगळ्यात आधी कापला जातो तो त्याचाच आवाज, कारण तो 'खराब आला' म्हणून. तो खराब का आला आणि चांगला कसा येईल, हे कुणी विचारत नाही.

हा प्रश्न लग्नघराच्या हौसेपुरता नाही. खान्देशात जे जिवंत वाजतं आणि गायलं जातं, त्याचं चित्रण आधी आवाजासाठी व्हावं, ते पूर्ण व्हावं आणि ते वाजवणाऱ्याचं मानून व्हावं. यात्रा समित्या, ग्रामपंचायती आणि महाविद्यालयं यांनी हे काम अंगावर घ्यावं. हातात मावेल असा व्हिडिओ रेकॉर्डर आज मध्यम किमतीच्या मोबाइलइतक्या पैशांत मिळतो. एका यात्रेतल्या दारूकामातून थोडा खर्च वळवला तरी तो समितीच्या कपाटात येईल.

हरवतंय ते काय? अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांचा रथ, जळगावला कार्तिकी एकादशीचा राम रथ, सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणारी कानबाई, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराईची गाणी, सातपुड्यातल्या काठीची राजवाडी होळी, रात्री उशिरापर्यंत रंगणारं वहीगायन. या प्रत्येक ठिकाणी वाजवणारे वेगळे, वाद्यं वेगळी आणि वाजवण्याची रीतही वेगळी. साधा लग्नाचा वाजा घ्या. तो सिनेमाचंच गाणं वाजवतो हे खरं, पण क्लॅरोनेटवाला अंतऱ्याआधी जी फिरत घेतो, साइड ड्रमवाला कडव्यांच्या मधल्या जागेत जे बोल भरतो, अहिराणी गाण्याची चाल ट्रम्पेटवर आणताना मास्तर जी जागा वाकवतो, ते कोणत्याही कॅसेटमध्ये किंवा सिनेमात नाही. ते फक्त त्या माणसांकडे आहे. आता त्यातलं बरंचसं काम गाड्यावरच्या कॅसिओने घेतलं आहे. चार क्लॅरोनेट होते तिथे एक उरला आहे.

शब्द टिकवण्यात खान्देश कधी मागे नव्हता. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात भिल्ली बोलींबरोबर खान्देशीचेही नमुने छापलेले आहेत. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी त्यांची गाणी कागदावर उतरवून ठेवली, म्हणून त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती छापून आली. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर यांनी गावोगावची बाडं, पोथ्या, दप्तरं जपली. ओवीचे शब्द कागदावर येतात, पण तिची चाल येत नाही, आणि शेवटचा स्वर किती लांबवायचा हे तर मुळीच येत नाही. बाडं गोळा करणाऱ्यांनी कागदासाठी जी चिकाटी दाखवली, तीच आता आवाजासाठी दाखवायला हवी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. मोबाइल तर सगळ्यांच्याच हातात आहे, यात्रेत पाचशे लोक चित्रण करत असतात, मग वेगळं यंत्र कशाला?

मोबाइलचा कॅमेरा आज खरोखर चांगला आहे. कमी पडतो तो त्याचा माईक, आणि त्याहून जास्त त्या माईकमागे बसवलेली आपोआप चालणारी यंत्रणा. फोन माणसाचा बोलण्याचा आवाज स्वच्छ यावा यासाठी घडवलेला असतो. ढोलाचा टोला पडला की तो पातळी झपकन खाली आणतो, टोला विरला की पुन्हा वर चढवतो. त्यामुळे ऐकताना सगळं संगीत श्वास घेतल्यासारखं आतबाहेर होतं. प्रत्येक टोल्यानंतर क्लॅरोनेट बुडतं आणि पुन्हा वर येतं. काही फोनमध्ये सतत येणारा आवाज गोंगाट समजून पुसला जातो. सनईबरोबर धरलेला सूर किंवा झांजेची विरत जाणारी लहर त्यात गळून जाते. मग तो व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, तिथे पुन्हा दाबला जातो, आणि चौथ्या गटात पोहोचेपर्यंत ढोल आणि झांज यांतला फरकही कळत नाही. फोन उभा धरलेला असतो, म्हणून बँडची ओळ दोन्ही बाजूंनी कापली जाते. मध्येच कुणाचा फोन येतो आणि चित्रण थांबतं. पाचशे लोकांनी काढलेल्या पाचशे तुकड्यांत एक गत सलग पूर्ण सापडेल याचा भरवसा नाही.

छोट्या व्हिडिओ रेकॉर्डरमध्ये हिशेब उलटा असतो. झूम कंपनीच्या क्यू२एन-४के सारख्या यंत्रात समोर दोन माईक एकमेकांना छेद देतील असे तिरपे बसवलेले असतात. ध्वनीची पातळी हाताने ठरवता येते, आपोआप पातळी बदलणारी सोय बंद करता येते आणि न दाबलेला वॅव्ह आवाज थेट चित्राबरोबर नोंदवला जातो. अशा यंत्रांचा कॅमेरा बहुधा साधाच असतो: भिंग रुंद, फोकस ठरावीक, दूरचं जवळ आणायची सोय नाही आणि अंधारात दाणेदार चित्र. हे दोष मान्य करूनच ते घ्यावं. मोठा फायदा असा की चित्र आणि आवाज एकाच फाइलमध्ये असतात. वेगळ्या कॅमेऱ्याचं चित्र आणि वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज नंतर जुळवायचा असेल, तर सुरुवातीला टाळी वाजवून खूण ठेवावी लागते. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत, त्यामुळे तासाभरात जुळणी काही फ्रेमनी सरकू शकते. गावातल्या एकट्या कार्यकर्त्याला ही कटकट झेपत नाही. ज्यांच्याकडे चांगला कॅमेरा आधीच आहे त्यांनी टाळीचा मार्ग जरूर घ्यावा.

आता पातळी. फाटलेल्या चित्रणांपैकी बहुतेक इथेच फसतात.

सेटिंगमध्ये जाऊन ऑटो गेन, म्हणजे पातळी आपोआप बदलणारी सोय, बंद करा. ध्वनी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वॅव्ह ठेवा. कार्यक्रमाआधी ढोलवाल्याला त्याचा सगळ्यात मोठा टोला वाजवायला सांगा. हळू आवाजातली 'चेक चेक' उपयोगाची नाही. त्या टोल्याला मीटरचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल इतकाच गेन (माईकचा आवाज वाढवण्याचं माप) ठेवा. उणे १२ बघून पुष्कळांना वाटतं आवाज कमी येतोय, म्हणून ते वाढवतात. वाढवू नका. वाजवणारा तपासणीला जेवढं वाजवतो त्यापेक्षा रंग चढल्यावर जोरात वाजवतो, आणि समोर नाचणारे ओरडू लागले की आणखी जोरात. ही १२ डेसिबलची जागा त्या रंगासाठी राखलेली असते. २४ बिटमध्ये कमी आलेला आवाज नंतर वाढवता येतो. मीटरच्या वरच्या टोकाला, शून्याला जाऊन कापला गेलेला आवाज मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ण परत येत नाही.

आणखी एक फसवणूक मीटरवर दिसतच नाही. काटा उणे १५ वर असतो आणि तरी आवाज फाटलेला येतो. इथे आवाज फाटतो तो माईकच्या आतल्या पडद्यापाशीच, कारण समोरून येणारा दाब त्याला सोसत नाही. मोठ्या ढोलापासून हातभर अंतरावर यंत्र धरलं की हेच होतं. गेन कमी करून काही साधत नाही, मागे सरकावंच लागतं. उघड्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवरून चार मीटरवर गेलात की १२ डेसिबल मिळाले. ३२ बिट फ्लोट नोंदवणाऱ्या नव्या यंत्रांत पातळीची चिंता मिटते असं दुकानदार सांगतात. आकड्यांच्या कापणीपुरतं ते खरं आहे, पण माईकच्या पडद्यापाशी आवाज त्यातही फाटतोच.

चालत्या बँडची गोष्ट वेगळी. आज वरातीतल्या बँडमागे गाडा असतो. त्यावर कॅसिओ, गायक, आवाज वाढवणारं मशीन आणि पुढे तोंड करून बसवलेले भोंगे. समोर उभं राहून चित्रण केलं की भोंग्यांच्या सरळ रेषेत आपण येतो, आणि मग कॅसिओ आणि गायकाशिवाय काही नोंदलं जात नाही. क्लॅरोनेट, ट्रम्पेट, युफोनियम वाजताना दिसतात पण ऐकू येत नाहीत. उपाय उभं राहण्याच्या जागेत आहे. मिरवणूक ज्या चौकात किंवा पारापाशी थांबणार, तिथे आधी जाऊन थांबा. पहिल्या ओळीपासून तीन-चार मीटरवर, भोंग्यांच्या रेषेच्या बाजूला, यंत्र छातीच्या उंचीवर मोनोपॉडवर (एका पायाच्या स्टँडवर) ठेवा. गाडा दहा-पंधरा मीटर मागेच थांबवायला सांगा. उलट पावलांनी चालत चित्रण करू नये. धक्के बसतात, हाताचा घासलेला आवाज माईकमध्ये उतरतो आणि मागे उघडं गटार असतं.

याहून चांगला मार्ग सुपारी देतानाच बोलून ठेवण्याचा. 'निघण्याआधी पाच-दहा मिनिटं मशीन बंद ठेवून दोन गती वाजवा, त्या आम्हाला नोंदवायच्या आहेत.' बहुतेक मास्तरांना ही विनंती आवडते, कारण नुसती फुंकवाद्यं ऐकायला आता फारसं कुणी थांबत नाही. या दहा मिनिटांसाठी इसारात वेगळी रक्कम लिहावी. मंडपातल्या पत्र्याच्या शेडखाली या गती वाजवू नयेत. पत्र्यावरून आवाज परतत राहतो आणि झांज सगळ्यांवर चढते. दोन्हीकडे पक्क्या भिंती असलेली अरुंद गल्लीही नको. गावाबाहेरचं मोकळं खळं किंवा शाळेचं मैदान उत्तम. तिथे आवाज कोरडा आणि स्वच्छ येतो.

मशीनवरून थेट वायर घेता येत नाही का, असं विचारलं जातं. घेता येते. मशीनमधल्या मिक्सरचा रेकॉर्ड आउट रेकॉर्डरच्या लाइन इनमध्ये जोडावा. माईक इनमध्ये जोडला तर तो कित्येक पटींनी जोरात येतो आणि पहिल्या सेकंदापासून फाटतो. सॉकेट एकच असेल तर सेटिंगमध्ये 'लाइन' निवडावं, नाहीतर मध्ये आवाज उतरवणारं पॅड लावावं. फँटम पॉवर (वायरीतून माईकला दिली जाणारी वीज) बंद आहे याची खात्री करावी. जनरेटरवर चालणाऱ्या मशीनमधून ५० हर्ट्झची 'हूं' अशी गुणगुण आली, तर रेकॉर्डर चार्जरवर न ठेवता बॅटरीवर चालवून पाहावा. बऱ्याचदा गुणगुण तिथेच थांबते. पण एक ध्यानात ठेवायला हवं: मिक्सरमध्ये फक्त माईकवर घेतलेली वाद्यं असतात. ढोल आणि झांज यांना माईक नसतोच, त्यामुळे नुसत्या वायरीवरच्या चित्रणात ताल हरवतो. म्हणून मोकळ्या माईकची नोंद हवीच, वायर तिच्या जोडीला.

सातपुड्यातल्या ढोलांसाठी नियम बदलतात. काठीच्या होळीत रात्र सरत असताना मोठे ढोल घुमत असतात, पहाटे होळी पेटते, कमरेला घुंगरं आणि दुधीभोपळे बांधलेले बुध्या नाचतात. इथे पहिली चूक म्हणजे लो-कट लावणं. वाऱ्याची घरघर जावी म्हणून यंत्रात ८० हर्ट्झच्या आसपास खालचे आवाज कापणारी सोय असते, आणि ती त्या मोठ्या ढोलाचं पोटच कापून टाकते. वाऱ्यासाठी माईकवर केसाळ आवरण चढवा आणि लो-कट बंद ठेवा. स्पंजचं आवरण डोंगरावरच्या वाऱ्याला पुरत नाही. दुसरी चूक अंतराची. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ३४ मीटरवरून चित्रण केलं तर टोला दिसतो आधी आणि ऐकू येतो एकदशांश सेकंदाने, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर अडीच फ्रेम मागून. टिपरू आणि ताल यांचा मेळ त्या चित्रणातून शिकता येत नाही. आठ-दहा मीटरच्या पुढे जाऊ नये. तिसरी चूक उजेडाची. आग चौकटीत आली की कॅमेरा आगीकडे बघून बाकी सगळं काळं करतो. आग आपल्या पाठीशी किंवा बाजूला ठेवली तर तोच उजेड वाजवणाऱ्यांच्या चेहऱ्यावर आणि हातांवर पडतो.

विजेच्या उजेडात फ्रेमचा हिशेब असा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं तर चित्रात पट्टे धावत नाहीत. ३० फ्रेमवर ठेवायचंच असेल तर शटर १/१०० ठेवा. मांडवातल्या स्वस्त एलईडी माळा मात्र कोणत्याही शटरवर त्रास देऊ शकतात. त्या चौकटीबाहेर ठेवाव्यात.

याच्या अगदी उलट टोकाला कानबाईची आणि गौराईची गाणी. बाया गोल बसतात, आवाज कोवळे असतात, एक म्हणते आणि बाकीच्या उचलतात. यंत्र मधोमध बुटक्या पाटावर, सगळ्यांपासून मीटर-सव्वा मीटरवर ठेवून सोडून द्यावं. हातात धरू नये. पंखा बंद करायला सांगावा, घरातला फ्रिज तेवढ्यापुरता बंद करावा आणि नंतर सुरू करायला विसरू नये. इथे लो-कट चालतो, कारण खाली ऐकण्यासारखं काही नसतं आणि रस्त्यावरच्या ट्रॅक्टरची घरघर कमी होते. गेन चढवावा लागतो, पण हसण्याचा एक मोठा आवाज फाटणार नाही इतकी जागा सोडावी. कॅमेरा बघून बाया गप्प होत असतील तर भिंग झाकून नुसता आवाज नोंदवा. तीही पूर्ण नोंदच आहे.

उन्हाचंही बोलायला हवं. मे महिन्यात जळगावात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बंद गाडीत ठेवलेलं यंत्र सुरू करताच गरम होऊन बंद पडतं. ते सुती कापडात गुंडाळून सावलीत ठेवा, चित्रण करताना वर छत्री धरा. साधे झिंक-कार्बनचे सेल अशा यंत्रात फार लवकर उतरतात. अल्कलाइन किंवा पुन्हा चार्ज होणारे निकेलचे सेल वापरा, आणि १०,००० एमएएचची पॉवर बँक जोडून ठेवा. काही पॉवर बँका कमी वीज ओढणाऱ्या यंत्राला 'चार्ज पूर्ण झालं' समजून आपोआप बंद होतात. यात्रेच्या आदल्या दिवशी घरी तासभर चालवून हे तपासावं. कार्डही तसंच. बाजारात नकली कार्डं खूप आहेत. ६४ जीबी लिहिलेलं असतं आणि आत ८ जीबीच असते. पुढचं सगळं लिहिलं गेल्यासारखं दिसतं पण उघडत नाही. नवं कार्ड एकदा पूर्ण भरून, सगळ्या फाइल उघडून पाहिल्याशिवाय कामाला घेऊ नये.

आता दुसरा आणि अधिक गंभीर आक्षेप. तो वाजवणाऱ्यांकडूनच येतो: तुम्ही नोंदवून नेता, इंटरनेटवर टाकता, दुसरा बँड आमची गत उचलतो, आणि आम्हाला काय मिळतं?

हा राग योग्य आहे, आणि कायदाही त्यांच्या बाजूने आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ नुसार सादर करणाऱ्या कलावंताला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. कायद्याच्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार आणि गारुडी यांचीही नावं आहेत, त्यामुळे वाजंत्री त्यात येतो की नाही ही शंकाच नको. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या ३८अ आणि ३८ब या कलमांनुसार सादरीकरण नोंदवण्याचा आणि लोकांपर्यंत पोहोचवण्याचा हक्क कलावंताचा आहे, आणि सादर करणारा म्हणून त्याचं नाव लावलं जाण्याचाही. खासगी वापरासाठी किंवा निव्वळ शिकवण्या-संशोधनासाठी केलेली नोंद कलम ३९ खाली चालते. पण यात्रा समितीच्या चॅनेलवर टाकलेला व्हिडिओ, ज्यावर जाहिराती लागतात, तो त्यात बसत नाही.

म्हणून लेखी संमती. साध्या मराठीत एक पान पुरे: कोणत्या दिवशी, कोणत्या गावी, कोणी काय वाजवलं, नोंद कुठे ठेवली जाईल, ती इंटरनेटवर टाकायची की नाही, टाकली आणि पैसे आले तर वाटा किती, आणि परवानगी किती वर्षांसाठी. मुदत लिहिलीच नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो. हे पान वाजवण्याआधी वाचून दाखवावं, ज्या बोलीत ती माणसं बोलतात त्या बोलीत. अहिराणी, पावरी, भिल्ली, जी असेल ती. मास्तरची एकट्याची सही पुरत नाही, कारण हक्क प्रत्येक वादकाचा आहे. चित्रणाच्या सुरुवातीला सगळ्यांनी स्वतःचं नाव, गाव आणि वाद्य बोलून सांगावं. वीस वर्षांनी नावं शोधणाऱ्यालाही याचा उपयोग होतो.

काही गोष्टी नोंदवायच्याच नाहीत, हेही मान्य करावं लागेल. आदिवासी पूजाविधीतला जो भाग पुजारा किंवा गाव 'हा बाहेर न्यायचा नाही' म्हणेल, तिथे कॅमेरा बंद. हट्ट नाही, चोरून नोंद नाही. समृद्ध संग्रह करण्याच्या नादात माणसांचा विश्वास गेला तर पुढच्या होळीला कुणी उभंही करणार नाही, आणि ते बरोबरच होईल.

सिनेमाच्या गाण्यांचा गुंता वेगळा आहे. लग्नाच्या वरातीत ती वाजवायला कायद्यात स्पष्ट सूट आहे. पण तेच चित्रण इंटरनेटवर चढवलं की व्हिडिओ संकेतस्थळाची स्वयंचलित यंत्रणा चाल ओळखून हक्क सांगते, कधी आवाजच बंद करते. म्हणून सार्वजनिक ठिकाणी टाकायच्या नोंदींत पारंपरिक चाली आणि मास्तरच्या स्वतःच्या गती ठेवाव्यात. सिनेमाची गाणी संग्रहात ठेवावीत, कारण खान्देशी क्लॅरोनेट ती कशी वाजवतो हेच तर टिकवायचं आहे.

नोंद न कापता ठेवावी. दर तीन सेकंदाला चित्र बदलणारी फिल्म बघायला छान वाटते, पण क्लॅरोनेट शिकणाऱ्या पोराला बोटं सलग दिसावी लागतात आणि गत कशी संपते ते ऐकू यावं लागतं. सूर जुळवणं, मास्तरने मध्येच थांबवून 'पुन्हा घ्या' म्हणणं, एखाद्याची चूक, हे सगळं राहू द्यावं. ज्यांना छोटी फिल्म हवी त्यांनी प्रतीवरून कापावी.

साठवणीचा हिशेब मांडून बघितला की भीती जाते. २४ मेगाबिट वेगाचं फुल एचडी चित्रण तासाला सुमारे ११ जीबी होतं, २४ बिट स्टिरिओ आवाज तासाला सुमारे १ जीबी. ६४ जीबीच्या कार्डावर पाच तास आरामात बसतात. काही यंत्रं ४ जीबीला फाइल तोडतात, म्हणजे साधारण २०-२४ मिनिटांनी. त्यामुळे लांब वहीगायनाच्या मध्येच नवी फाइल सुरू झाली तर घाबरू नये, पण जोडावर क्षणभराचा आवाज गळतो का ते आधी तपासावं. त्याच रात्री दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत करा आणि दोन्हीकडे फाइल उघडून पाहा. त्यानंतरच कार्ड पुसा. फाइलला नाव द्या: तारीख, गाव, प्रसंग, वाजवणाऱ्या पथकाचं नाव. 'व्हिडिओ फायनल २' या नावाची फाइल दोन वर्षांनी कुणाच्याच कामाची नसते.

एक डिस्क गावात, दुसरी गावाबाहेर. जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी अशा नोंदींचं घर होऊ शकतं, आणि त्याने व्हावं, अशी मागणी यात्रा समित्यांनी आणि लोककलावंतांच्या संघटनांनी मिळून करायला हवी. नमुना शोधायला फार लांब जावं लागणार नाही. १९८२ साली सुरू झालेलं आणि आता गुरुग्रामला असलेलं लोकसंगीत आणि शास्त्रीय संगीताच्या नोंदींचं अभिलेखागार ठेवणाऱ्यांच्या अटींवरच नोंदी स्वीकारतं. महाराष्ट्रात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गायिकांच्या नावा-गावानिशी जमवल्या गेल्या आहेत. विद्यापीठाला मोठी इमारत नको. एक खोली, दोन सर्व्हर, एक ग्रंथपाल आणि संमतीपत्रांची फाइल एवढ्यावर सुरुवात होते.

तिसरी प्रत वाजवणाऱ्यांची. ती पेन ड्राइव्हवर, फाइल न दाबता, मास्तरच्या हातात आठ दिवसांच्या आत द्यावी. बिदागीबरोबरच हा हिशेब चुकता करावा. 'नंतर पाठवतो' म्हणून राहिलेल्या प्रतींनीच वाजवणाऱ्यांचा चित्रणावरचा विश्वास उडवला आहे. आणि गावातली हार्ड डिस्क कपाटात कुलूपबंद करून विसरू नये. न फिरवलेल्या डिस्का बंद पडतात. दर आखाजीला ती बाहेर काढावी, जोडावी, पाच-सहा फाइल उघडून ऐकाव्यात, आणि पाच-सात वर्षं झाली असतील तर सगळं नव्या डिस्कवर उतरवून जुनीवर तारीख लिहून ठेवावी.